कासवीची नजर आणि दिव्याची ऊब



मागे आमच्या बचत गटाच्या बैठकीला एक ताई टोपलीत कासवाचं पिल्लू घेऊन आल्या. पाठीवर पिवळ्या चांदण्या. घरात कासव असलं की बरकत येते, असं सांगून कुणीतरी दिलेलं. कोंबडीच्या पिलांना देतो तशी त्यालाही त्यांनी बल्बखाली ऊब दिली होती. तरी कवच मऊ पडत चाललं होतं. काय चुकलं ते शोधताना आम्हाला जो इतिहास कळला, तो आज सांगतो.

आपण नेवाशाच्या. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, माउलींनी इथेच पैस खांबाशी बसून ज्ञानेश्वरी सांगितली. कासवी पिलांना नुसत्या नजरेने वाढवते, हा दाखला संतांच्या वाणीत वारंवार येतो. कृपा समजावून सांगायला तो फार गोड आहे. पण खरी कासवी खड्ड्यात अंडी घालते, वर माती लोटते आणि निघून जाते. पुढचं काम ऊन करतं. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांची अंडी जपतात, तिथेही वाळूच्या उबेनेच पिल्लं बाहेर येतात. नर की मादी, हेसुद्धा त्या उबेवर ठरतं.

मग बल्ब का पुरला नाही? याचं उत्तर माणसाच्या लेकरांकडून मिळालं. शंभर वर्षांपूर्वी युरोपातल्या धुरकट शहरांत मुडदुसाने मुलांची हाडं वाकत. १९१९ साली बर्लिनचे डॉक्टर कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अशा मुलांना पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश दिला आणि त्यांची हाडं सुधारली. त्या प्रकाशात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण होते. त्यांच्यामुळे कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं. ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. कासवाच्या कवचातही हाडच असतं. साधा बल्ब ऊब देतो, हे किरण देत नाही. खिडकीची काचही ते अडवते.

म्हणून कासवं सांभाळणारे जाणकार ऊब आणि किरण दोन्ही वेगवेगळे बघतात. दिव्याखालचा कोपरा ३० ते ३५ अंश ठेवतात आणि दुसरा गार, म्हणजे पिल्लू हवं तिकडे सरकतं. दिवसा बारा तास उजेड, रात्री अंधार. किरणांची नळी पेटलेली दिसली तरी तिचे किरण हळूहळू कमी होतात, म्हणून ती वेळच्या वेळी बदलतात.

पण मैत्रिणींनो, दिवा कोणता घ्यावा हा आपला प्रश्नच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि हे स्टार कासव पहिल्या अनुसूचीत आलं. ते पाळणं गुन्हा आहे, त्याला तीन ते सात वर्षं कैद आहे. ताई घाबरल्या. म्हणाल्या, "नदीकाठी सोडून देऊ का?" तेही नको. आजारी पिल्लू बाहेर जगत नाही. आम्ही वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन लावला आणि पिल्लू त्यांच्या हवाली केलं.

आता त्या ताई सकाळी नातवाला खिडकीच्या काचेआड बसवत नाहीत. अंगणात, कोवळ्या उन्हात घेऊन बसतात.