हॉट हॅचबॅक घ्यायचीय? आधी पुणे जिल्ह्यात बनलेल्या या तीन गाड्या समजून घ्या

संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर चाकणच्या तळेगाव चौकात १२० पीएसची गाडी आणि ८० पीएसची गाडी एकाच वेगाने सरकतात, कंटेनरच्या मागे. मग जास्त ताकदीच्या छोट्या गाडीसाठी लाख-दीड लाख जादा मोजण्यात अर्थ आहे का?

याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. भारतात गाजलेल्या तीन हॉट हॅचबॅक पुणे जिल्ह्यातच बनल्या: चाकणची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, रांजणगावची अबार्थ पुंटो आणि पिंपरी-चिंचवडची टाटा अल्ट्रोझ रेसर.

हॉट हॅचबॅक म्हणजे नेमकं काय?

डिकीचा दरवाजा काचेसकट वर उघडतो ती हॅचबॅक. तिच्यात ताकदवान इंजिन, घट्ट सस्पेन्शन आणि चांगले ब्रेक आले की ती 'हॉट' होते. ही कल्पना जगभर रुजवली १९७६ च्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयने. ती भारतात आली थेट मे २०२५ मध्ये. ताकद २६५ पीएस आणि तेव्हाची एक्स-शोरूम किंमत सुमारे ५३ लाख.

आपल्याकडच्या हॉट हॅच एवढ्या ताकदीच्या का नसतात? मुख्य कारण कर. २००६ च्या अर्थसंकल्पापासून ४ मीटरपेक्षा लहान आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला कमी कर लागतो. सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, मर्यादा ओलांडली की ४० टक्के. म्हणून कंपन्या १.० किंवा १.२ लिटरचं छोटं इंजिन घेऊन त्याला टर्बो लावतात. एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारा टर्बो इंजिनात जादा हवा कोंबतो. मात्र इंजिन पुरेसं फिरेपर्यंत तो जोर मिळत नाही. यालाच टर्बो लॅग म्हणतात.

पोलो जीटी टीएसआय: हायवेवर राणी, कोंडीत हळवी

२०१३ मध्ये आलेल्या या गाडीत १.२ लिटर टर्बो इंजिन होतं: १०५ पीएस ताकद, १७५ एनएम टॉर्क आणि सात गियरचा ऑटोमॅटिक डीएसजी गियरबॉक्स. दार लावल्यावर येणारा भरीव आवाज, वेगातही न डगमगणारी बॉडी आणि कळायच्या आत बदलणारे गियर ही तिची ओळख. मागच्या सीटवर मात्र पाय अवघडतात.

जुनी पोलो घेताना खरा प्रश्न डीएसजीचा आहे. त्याचा क्लच 'ड्राय', म्हणजे थंड ठेवायला तेल नसलेला. तासभर इंच-इंच सरकावं लागलं की तो तापतो आणि लवकर झिजतो. मेकाट्रॉनिक हा भाग बिघडला तर खर्च मोठा. नंतरच्या १.० लिटर, ११० पीएसच्या मॉडेलमध्ये साधा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक आला. रोजच्या कोंडीसाठी तो जास्त निर्धास्त. पोलोचं भारतातलं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं.

अबार्थ पुंटो: सगळ्यात ताकदवान, सगळ्यात हट्टी

ऑक्टोबर २०१५ मध्ये ९.९५ लाखांना आलेली ही गाडी १४५ पीएस आणि २१२ एनएम द्यायची. शून्यावरून १०० किलोमीटर वेग ८.८ सेकंदांत, असा कंपनीचा दावा होता. चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि रस्त्याची नस हातात देणारं हायड्रॉलिक स्टिअरिंग.

पण इंजिन १.४ लिटरचं, त्यामुळे कराची सवलत नाही. टर्बो लॅग ठळक, स्टिअरिंग जड, सस्पेन्शन कडक. साध्या पुंटोपेक्षा ती जमिनीला जवळ असल्यामुळे स्पीडब्रेकर जपूनच घ्यावा लागतो. पुढे पुंटोच बंद झाली. म्हणून ही गाडी घेण्याआधी पार्ट मिळतात का आणि हे इंजिन जाणणारा मेकॅनिक आहे का, हे विचारा.

अल्ट्रोझ रेसर: घरच्यांना पटणारी

जून २०२४ मध्ये ९.४९ लाखांपासून आलेल्या रेसरमध्ये १.२ लिटर टर्बो इंजिन, १२० पीएस, १७० एनएम आणि सहा गियरचा मॅन्युअल गियरबॉक्स. तीन सिलिंडरच्या इंजिनात पोलोचा मऊपणा नाही आणि मागचे ब्रेक ड्रम आहेत. पण दारं ९० अंशांत उघडतात, डिकी ३४५ लिटरची आहे आणि पुढच्या सीट हवेशीर आहेत. आई-बाबांना सहज बसता-उतरता येतं. अल्ट्रोझला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपचे ५ स्टार मिळाले होते. मे २०२५ च्या नव्या अल्ट्रोझमध्ये मात्र टर्बो पेट्रोल इंजिन नाही.

आणि बाहेरचा स्पर्धक?

चेन्नईजवळ बनणारी ह्युंदाई आय२० एन लाइन २०२१ मध्ये आली. १.० लिटर टर्बो, १२० पीएस, १७२ एनएम. साध्या आय२० पेक्षा स्टिअरिंग वजनदार, सस्पेन्शन घट्ट, एक्झॉस्टचा आवाज मोठा आणि चारही डिस्क ब्रेक. २०२३ पासून सहा गियरचा मॅन्युअलही आला. मात्र २०२२ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत साध्या आय२० ला ३ स्टार मिळाले होते, हेही लक्षात ठेवा.

मग निवड कशी करायची?

- रोज चाकण किंवा भोसरी एमआयडीसी गाठायची असेल तर ड्राय क्लच ऑटोमॅटिकपेक्षा मॅन्युअल किंवा टॉर्क कन्व्हर्टर बरा.
- नवी गाडी एमएच १४ पासिंग करताना रोड टॅक्स धरा. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला तो ११ टक्के आहे. कंपनीच्या नावावर घेतल्यास २० टक्के.
- टर्बो इंजिनाला कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल लागतं. जुनी गाडी घेताना सर्व्हिसची बिलं मागा.
- ताकद वाढवायला ईसीयू रीमॅप केलेली गाडी असेल तर सावध. वॉरंटी जाते आणि विम्याच्या क्लेममध्ये अडचण येऊ शकते.

कागदावरचे पीएस आठवड्यातून एकदा, मोकळ्या रस्त्यावर कामाला येतात. क्लच, सस्पेन्शन आणि पार्ट यांच्याशी गाठ रोजची असते. म्हणून टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी घेऊ नका. शिफ्ट सुटायच्या वेळेला घ्या, मागे घरच्यांना बसवा आणि एखाद्या खड्डेवाल्या रस्त्याने जा. त्यानंतरही गाडी आवडली, तर ती तुमची.