बुडता बुडता वाचलेले जहाज

वर्गात मी अनेक वर्षे कॅप्टन कुक शिकवला. १७७० साली ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा, एवढे नकाशावर दाखवले की पुढचा धडा. त्याचे ‘एन्डेव्हर’ जहाज कसे वाचले, हे मुलांना कधी सांगितलेच नाही. ती उधारी आज फेडतो.

११ जून १७७०. चांदण्या रात्री जहाज ग्रेट बॅरिअर रीफच्या प्रवाळ खडकावर आदळले. किनारा वीसेक मैल दूर, आणि सगळे मावतील एवढ्या होड्या नाहीत. भार कमी करण्यासाठी सहा तोफांसह चाळीस-पन्नास टन सामान समुद्रात फेकले. (या तोफा १९६९ साली सापडल्या!) चार पंपांपैकी एक ऐन वेळी चालेना. उरलेल्या तिघांवर कॅप्टनपासून खलाशापर्यंत सगळे पाळीपाळीने राबले. सुमारे तेवीस तासांनी, भरतीच्या वेळी जहाज सुटले.

तेवढ्यात तळातले पाणी मोजणारा माणूस बदलला. पहिला आतल्या फळीपासून मोजत होता, दुसऱ्याने बाहेरच्या फळीपासून मोजले. पाणी एकदम सोळा-अठरा इंचांनी वाढल्यासारखे दिसले आणि सगळ्यांचा धीर सुटला! चूक कळल्यावर पुन्हा हुरूप आला. माप कुठून घ्यायचे हे आधी ठरलेले असावे, ते यासाठी.

पण गळती थांबवायची कशी? जोनाथन मंकहाउस नावाच्या एका कनिष्ठ शिकाऊ अधिकाऱ्याने पूर्वी एका गळक्या व्यापारी जहाजावर एक युक्ती पाहिली होती. कुकने काम त्याच्याच हाती सोपवले. जुन्या दोरखंडांचे तंतू आणि लोकर बारीक कापून त्याचे गोळे शिडाला चिकटवले, वर मेंढ्यांच्या लेंड्या थापल्या. ते शीड दोरांनी जहाजाखालून ओढत भोकापाशी नेले. आत घुसणाऱ्या पाण्यानेच तो लगदा भोकात ओढून घेतला. मग एकच पंप पुरला.

पुढे नदीच्या मुखाशी जहाज किनाऱ्याला लावले, तेव्हा भोकात प्रवाळाचा एक तुकडाही अडकलेला सापडला. म्हणजे नशीबही हवेच. पण शीड, लोकर, दोर हे सगळे जहाजावर होते म्हणून नशिबाचा उपयोग झाला. आणि ज्याला माहीत होते, त्याचे ऐकले गेले म्हणून.

हे लिहिताना एकच रुखरुख लागते. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावरून वर झालेले किती हात, घंटा होण्याच्या घाईत मी पाहिलेच नसतील?