टायर प्रतिमान (रेसिंग सिम्युलेटर)

टायर प्रतिमान म्हणजे रेसिंग सिम्युलेटरमध्ये टायर व रस्ता यांच्यात निर्माण होणारी बले ठरवणारी गणिती रचना होय. गुरुत्वाकर्षण आणि हवेचा रोध वगळता मोटारीवरील सर्व बाह्य बले चार टायर जेथे रस्त्याला टेकतात, त्या लहानशा जागांतूनच तिच्यापर्यंत पोहोचतात. त्यामुळे इंजिन, स्प्रिंग व डॅम्पर यांचे गणित बिनचूक असले, तरी टायरचे प्रतिमान चुकले की मोटारीची सगळी हाताळणी खोटी वाटू लागते.

स्लिप

वळणावर चाक ज्या दिशेला रोखलेले असते, नेमके त्याच दिशेने ते जात नाही. या दोन दिशांमधील कोनाला स्लिप कोन म्हणतात. ब्रेक लावताना किंवा वेग वाढवताना चाकाच्या परिघाचा वेग आणि मोटारीचा वेग यांत जो फरक पडतो, त्याचे मोटारीच्या वेगाशी असलेले प्रमाण म्हणजे स्लिप गुणोत्तर. स्लिप म्हणजे निव्वळ घसरणे, असा गैरसमज विद्यार्थ्यांत नेहमी आढळतो. खोडरबर कागदावर दाबून बाजूला ढकलले, तर त्याचे टोक आधी वाकते आणि नंतर घसरते. टायरचे रबरही तसेच वागते. स्लिप थोडी असताना ते मुख्यतः वाकते आणि बल जवळजवळ सम प्रमाणात वाढते. पुढे स्पर्शक्षेत्राचा मागचा भाग घसरू लागतो, बल शिखर गाठते व त्यानंतर उतरते.

मॅजिक फॉर्म्युला

हा वक्र मांडण्याची सर्वांत परिचित रीत नेदरलँड्समधील डेल्फ्ट तंत्रज्ञान विद्यापीठाचे प्राध्यापक हान्स पाचेयका (१९३४–२०१७) यांच्या नावाशी जोडलेली आहे. व्होल्वो कंपनीतील अभियंत्यांसह त्यांनी १९८७ मध्ये ती प्रसिद्ध केली. स्लिपसाठी ‘स’ हे अक्षर घेतल्यास सूत्र असे :

बल = डी × साइन { सी × आर्कटॅन [ बी·स − ई (बी·स − आर्कटॅन (बी·स)) ] }

यात डी हे शिखराचे मूल्य, सी हा वक्राचा आकार, ई ही शिखराजवळची वक्रता, तर बी, सी व डी यांचा गुणाकार हा आरंभीचा चढ दाखवतो. सूत्राला ‘मॅजिक’ म्हणतात, कारण ते भौतिकीच्या नियमांतून काढलेले नाही. मोजमापांशी चांगले जुळते, हेच त्याचे समर्थन.

नवखे रचनाकार हाताळणी सुधारण्यासाठी बहुधा डी वाढवतात, म्हणजे पकड वाढवतात. प्रत्यक्षात मोटारीचा स्वभाव शिखरानंतरच्या उतारावर अधिक अवलंबून असतो. ई १ पेक्षा कमी असल्यास अतिशय मोठ्या स्लिपला बल डी × साइन (सी × ९०°) या मूल्याकडे झुकते. बाजूच्या बलासाठी सी १.३ आणि ब्रेकच्या बलासाठी १.६५ ही या मांडणीतील नेहमीची मूल्ये आहेत. पहिल्यात शेवटी शिखराच्या सुमारे ८९ टक्के बल उरते, दुसऱ्यात सुमारे ५२ टक्के. बाजूच्या बलासाठी चुकून दुसरे मूल्य दिले, तर शिखर तेवढेच राहूनही मागची चाके घसरताच मोटार सावरता येत नाही. अशा मोटारीला खेळाडू ‘अवघड, म्हणून खरी’ अशी दाद देतात. ती अनाठायी आहे. चाचणीयंत्रावरील मोजमाप ठरावीक स्लिप कोनापर्यंतच असते. त्यापलीकडील वक्र हा अंदाज असतो आणि मोटार आडवी झाली की खेळाडू नेमका तेथेच पोहोचतो.

भार आणि तोल

टायरवरील भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही. समजा, ३००० न्यूटन भाराला घर्षण गुणांक १.२ आहे आणि दर १००० न्यूटनला तो ०.०५ ने घटतो. पुढच्या दोन्ही चाकांवर ३००० न्यूटन भार असेल, तर एकूण पकड ७२०० न्यूटन होते. वळणावर १५०० न्यूटन भार आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर गेला, की ती ६९७५ न्यूटनांवर येते. (आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.) पुढचा अँटी-रोल बार कडक केला, की भाराचे स्थानांतर पुढच्या चाकांकडे अधिक होते आणि मोटार अंडरस्टिअर करू लागते. प्रतिमानात ही घट धरलेली नसेल, तर तो बार कितीही बदलला तरी मोटारीचा तोल फारसा बदलत नाही. म्हणून आधी टायर मोजमापाशी जुळवावा आणि मगच स्प्रिंग व बार यांना हात लावावा. टायरचा दोष सस्पेन्शनमध्ये झाकला, तर तो दुसऱ्या वळणावर उघडा पडतो.

स्टिअरिंगची जाणीव

बाजूचे बल स्पर्शक्षेत्राच्या मध्याच्या किंचित मागे लागते व चाकाला सरळ करू पाहते. हे अंतर, आणि त्याबरोबर चाकाला सरळ करणारे आघूर्ण, बल शिखराला पोहोचण्यापूर्वीच घटू लागते. त्यामुळे पकड सुटण्याच्या आधी स्टिअरिंग हलके होते, आणि ही सूचना चालकाच्या हाताला मिळते.

वापर

पॅपिरस कंपनीच्या ‘ग्रां प्री लेजंड्स’ (१९९८) या सिम्युलेटरमध्ये १९६७ च्या हंगामातील, पंख नसलेल्या मोटारी होत्या. त्या मोठ्या स्लिप कोनांत चालवाव्या लागत, त्यामुळे शिखरापलीकडच्या वक्राला तेथे विशेष महत्त्व होते. मुक्त स्रोत ‘टॉर्क्स’मध्ये मॅजिक फॉर्म्युल्याचे सोपे रूप आहे व त्याची आज्ञावली कोणालाही वाचता येते. २००८ मध्ये खुल्या झालेल्या ‘आयरेसिंग’ने पुढे रबराच्या भौतिक वर्तनावर आधारलेली वेगळी वाट धरली.

मंद वेगातील अडचण

स्लिप गुणोत्तर काढताना मोटारीच्या वेगाने भागावे लागते. मोटार थांबली की हा छेद शून्य होतो. सूत्र जसेच्या तसे वापरल्यास उतारावर उभी केलेली मोटार थरथरते किंवा हळूहळू सरकत राहते. यावर उपाय म्हणून बल तत्काळ न बदलता टायरने काही अंतर कापल्यावर पूर्ण रूप घेते, असे मानतात. या अंतराला विश्रांती-लांबी म्हणतात. खऱ्या टायरलाही ती असते.