वैद्यकीय पदवी आणि अस्पृश्यांचे श्रम : मुळशीच्या निमित्ताने

मुळशी हे नाव महाराष्ट्राला ठाऊक झाले ते १९२१ साली. मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यात टाटा कंपनीने धरण बांधायला घेतले होते. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट यांचे नाव या लढ्याशी कायमचे जोडले गेले. लढा १९२४ पर्यंत चालला आणि मोडला. धरण झाले. पन्नासच्या आसपास गावांना त्याची झळ लागली आणि त्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली.

या सत्याग्रहाचा इतिहास लिहिला गेला आहे. त्यात सावकार आहे, कूळ आहे, कंपनी आहे, पुण्यातील पुढारी आहेत. मोबदल्याचा मोठा वाटा जमिनी नावावर असलेल्या सावकारांच्या पदरात पडला आणि कसणारा उघडा पडला, हेही त्यात नोंदलेले आहे. पण या गावांना महारवाडेही होते, मांगवाडेही होते. ज्याचे जगणे जमिनीवर नव्हते, बलुत्यावर होते, त्याला मोबदला कशाचा द्यायचा? गाव बुडाले की बलुते बुडते, आणि बलुत्याचा सात-बारा नसतो. मुळशीच्या इतिहासातला हा प्रश्न मुख्य प्रवाहाच्या लेखणीला फारसा पडलेला नाही.

आज शंभर वर्षांनी मुळशी तालुक्याकडे पुन्हा लक्ष गेले आहे. हिंजवडीची संगणकनगरी याच तालुक्यात. लवासाचा गाजावाजा झाला तो याच डोंगरांत. आणि लवळ्याच्या टेकडीवर २०२० साली सिंबायोसिसचे मुलींसाठीचे वैद्यकीय महाविद्यालय १५० जागांनिशी सुरू झाले. शेजारीच त्याचे रुग्णालय आहे. ज्या तालुक्यातील रोग्याला अवघड दुखण्यासाठी पुण्याचे ससून गाठावे लागे, तेथे आरोग्य विज्ञानाची पदवी मिळू लागली, ही लहान गोष्ट नाही. तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु परिवर्तनाच्या चळवळीतील माणसाने स्वागत करून थांबता कामा नये. या तालुक्यातील कोणती मुलगी ती टेकडी चढून जाणार आहे? पौडच्या, पिरंगुटच्या बौद्धवाड्यातील मुलीसाठी ती वाट आहे काय? याचे उत्तर एका संस्थेच्या प्रवेशपुस्तिकेत सापडणार नाही. त्यासाठी वैद्यकाच्या पदवीचा आणि आपल्या श्रमांचा संबंध मुळापासून तपासावा लागेल.

२

वैद्यक म्हणजे मूलतः स्पर्शाचे काम. रक्त, पू, विष्ठा, बाळंतपण आणि प्रेत यांना हात लावल्याशिवाय वैद्यक होत नाही. म्हणूनच ब्राह्मणी धर्मशास्त्राने वैद्यालाही मान दिलेला नाही. मनुस्मृतीने चिकित्सकाचे अन्न वर्ज्य ठरवले आणि श्राद्धाच्या पंक्तीतून त्याला दूर ठेवले. शरीराशी येणारा संबंध हाच विटाळ, अशी ही दृष्टी होती.

मग गावगाड्यात हे स्पर्शाचे काम कोणी केले? मेलेले जनावर महाराने ओढले. मरणाची खबर गावोगाव महाराने पोचवली. चामड्याचे काम चांभाराने आणि ढोराने केले. आणि गावातल्या बाळंतिणींची सुटका अनेक ठिकाणी मांगिणीने केली. ज्या हातांनी सवर्णाच्या मुलाला पहिल्यांदा उचलले, नाळ कापली, त्याच हातांचा स्पर्श बाराव्या दिवसानंतर त्या घराला चालत नव्हता. मूल आडवे आहे की पायाळू, हे या सुईणी पोटावर हात ठेवून सांगत. हे ज्ञान होते. परंतु ज्याला ज्ञान म्हणायचे ते कोणाच्या तोंडून यावे, याचा निर्णय वर्णव्यवस्थेने आधीच केलेला होता. म्हणून मांगिणीचे ज्ञान ज्ञान ठरले नाही. ती तिची जातीची चाकरी ठरली.

इंग्रजी राजवटीत याच कामाला पदवी मिळाली. १८३६ साली कलकत्त्यात मधुसूदन गुप्त यांनी प्रेताचे विच्छेदन केले, तेव्हा ती धर्म ओलांडण्याची घटना मानली गेली. १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. उच्चवर्णीय तरुण शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभे राहिले. विटाळ गेला. कसा गेला? प्रेत तेच होते; पण आता त्या कामाबरोबर प्रमाणपत्र, पगार आणि सरकारी अधिकार आला होता. काम अपवित्र नव्हते, काम करणारा हीन ठरवायचा होता, हे येथे उघड झाले. ज्या दिवशी प्रेताला हात लावण्यात प्रतिष्ठा आली, त्या दिवशी ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ते काम केले होते ते दाराबाहेर राहिले.

त्यांना कोणी नियम करून बाहेर ठेवले नाही. त्याची गरजच नव्हती. कॉलेजात जायला इंग्रजी शाळा लागे आणि शाळेचे दार बंद होते. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. मुंबई सरकारने आपली अडचण सांगितली ती अशी की, एकाला घेतले तर बाकीचे सारे शाळा सोडतील. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे नेमके याच व्यवस्थेवर बोट ठेवले. कर शेतकरी आणि शूद्रातिशूद्र भरतात आणि त्या पैशावर वरच्या जातींचे उच्च शिक्षण चालते, हे त्यांचे म्हणणे होते. वैद्यकीय शिक्षण हे सर्वांत महागडे शिक्षण. म्हणून हा अन्याय तेथे सर्वांत मोठा.

३

या इतिहासात एक वेगळे पान आहे आणि ते पुण्याचेच आहे. जोतीराव-सावित्रीबाईंचा दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर झाला. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर यशवंतरावांचा दवाखाना उभा राहिला आणि सावित्रीबाई रोग्यांना आणण्याचे काम करू लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.

आपण ही घटना त्यागाची कथा म्हणून सांगतो. तिच्यात दुसराही अर्थ आहे. प्लेगच्या काळात माणसे सख्ख्या नातलगांनाही टाकून पळत होती. अशा वेळी महाराच्या मुलाला पाठीवर घेणे म्हणजे वैद्यकाचा मूळ धर्म काय, हे कृतीने सांगणे होते. पदवी यशवंतरावांची होती. पण स्पर्शाची भीती आणि स्पर्शाचा विटाळ दोन्ही नाकारणारे वैद्यक त्या माळावर मायलेकांनी मिळून उभे केले. आरोग्य विज्ञान शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या पहिल्या पाठात ही घटना असायला हवी.

४

बाबासाहेबांनी या प्रश्नाला राजकीय रूप दिले. ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयला सादर केलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान आणि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. कायदा आणि कला यांचे शिक्षण आपली मुले कसेबसे घेतील. पण विज्ञानाचा खर्च त्यांच्या आवाक्याबाहेर आहे आणि सरकारच्या मदतीशिवाय ते दार उघडणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईला सिद्धार्थ, १९५० साली औरंगाबादला पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेलेले महाविद्यालय. कंदिलाच्या उजेडात शिकलेल्या मराठवाड्यातील मुलाला प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शक प्रथम पाहायला मिळाला तो अशा महाविद्यालयांत.

संविधानाने दार उघडले, पण ते उघडताच त्यावर पहिला घाव पडला तो वैद्यकीय प्रवेशाच्याच निमित्ताने. मद्रास सरकारच्या जातनिहाय वाटपाविरुद्ध चंपकम दोराईराजन यांनी दावा केला. त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्जच केलेला नव्हता. तरीही १९५१ साली ते वाटप रद्द झाले. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५(४) आले. १९६२ साली बालाजी खटल्यात पन्नास टक्क्यांची मर्यादा सुचवली गेली, तीही म्हैसूर राज्यातील वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशांवरूनच. हा योगायोग नाही. कारकुनीच्या नोकरीत महार आला तर व्यवस्था कुरकुरते. तो डॉक्टर होऊन सवर्णाची नाडी धरणार म्हटल्यावर ती न्यायालयात जाते.

महाराष्ट्रात बौद्धांची वाट तर अधिक बिकट होती. १९५६ च्या धर्मांतरानंतर सवलतींचा प्रश्न उभा राहिला. राज्याने पुढे सवलती दिल्या, पण केंद्राच्या यादीत बौद्धांना स्थान मिळायला १९९० उजाडले. या चौतीस वर्षांत केंद्राच्या किती दारांवरून आपली मुले परत फिरली असतील!

५

आणि जेव्हा आपली दुसरी शिकलेली पिढी विज्ञान शाखेच्या उंबरठ्यावर आली, नेमके तेव्हा शिक्षणाचा बाजार मांडला गेला. १९८० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात खाजगी विनाअनुदानित वैद्यकीय महाविद्यालये निघाली. देणगीची लूट एवढी वाढली की राज्याला १९८७ साली कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. पुढे न्यायालयांत मोहिनी जैन (१९९२), उन्नीकृष्णन (१९९३), टी. एम. ए. पै (२००२) असे निकाल येत गेले. २००५ च्या इनामदार निकालाने विनाअनुदानित संस्थांवर सरकारी आरक्षण लादता येणार नाही असे ठरवले. तेव्हा ९३ वी घटनादुरुस्ती होऊन कलम १५(५) आले आणि खाजगी महाविद्यालयांत आरक्षणाला घटनात्मक आधार मिळाला.

परंतु अभिमत विद्यापीठ नावाची एक वेगळी खोली या इमारतीत आहे. तेथील एम.बी.बी.एस.च्या जागा केंद्रीय समुपदेशनातून भरल्या जातात आणि त्या फेरीत या जागांवर अनुसूचित जाती-जमातींचे आरक्षण लावले जात नाही. शासकीय महाविद्यालयात राज्याच्या कोट्यातील शंभरापैकी तेरा जागा अनुसूचित जातींच्या. अभिमत विद्यापीठात हा हिशेबच नाही, आणि शुल्क असे की सालदाराच्या आयुष्याची कमाई एका वर्षाला पुरू नये. हा प्रश्न एखाद्या संस्थेच्या चांगुलपणाचा नाही. हा कायद्याच्या रचनेचा प्रश्न आहे. मुळशीतील महाविद्यालय याच रचनेत बसते.

सिंबायोसिसचे नाव आपल्या वाचकांना दुसऱ्या कारणानेही ठाऊक आहे. पुण्याच्या सेनापती बापट रस्त्यावर याच संस्थेने बाबासाहेबांचे संग्रहालय उभे केले. माईसाहेब आंबेडकरांनी बाबासाहेबांच्या वस्तू तेथे दिल्या. माईसाहेबांविषयी आपल्या चळवळीत मतभेद झाले, ते येथे उगाळण्याचे कारण नाही. त्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पदवीधर डॉक्टर होत्या, एवढे येथे पुरे. बाबासाहेबांचा चष्मा आणि लेखणी जपणे ही आदराची गोष्ट आहे. पण बाबासाहेबांनी १९४२ साली जे मागितले ते वस्तूंच्या कपाटात राहत नाही. ते वर्गातल्या बाकावर बसते. मुळशीच्या लढ्याचा सेनानी ज्या रस्त्याला नाव देऊन गेला, त्या रस्त्यावरून बाबासाहेबांच्या स्मारकाकडे जाणाऱ्या आपल्या माणसांनी मुळशीच्या टेकडीवरील बाकांची मोजदादही विचारली पाहिजे.

६

प्रवेश मिळाला म्हणजे प्रश्न संपत नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाची चौकशी करणाऱ्या प्रा. सुखदेव थोरात समितीचा अहवाल २००७ साली आला. वसतिगृहापासून परीक्षेपर्यंत दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना कसे वेगळे पाडले जाते, हे त्याने दाखवले. मे २०१९ मध्ये मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या आदिवासी डॉक्टर पायल तडवी यांनी जीव गमावला. जातीवरून छळ झाल्याच्या आरोपाचे प्रकरण न्यायालयात गेले. त्यांची आई आणि रोहित वेमुलाची आई या दोघींनी मिळून सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले.

हे केवळ भारतातच घडते असे नाही. अमेरिकेत १९१० साली फ्लेक्सनर अहवाल आला. दर्जा सुधारण्याच्या नावाखाली कमकुवत वैद्यकीय शाळा बंद कराव्यात, असे त्याने सांगितले. काळ्या विद्यार्थ्यांच्या सात शाळांपैकी पाच बंद पडल्या. हॉवर्ड आणि मेहॅरी या दोनच उरल्या. गोऱ्यांच्या शाळा त्यांना घेत नव्हत्या आणि त्यांच्या शाळा दर्जाने मारल्या. आपल्याकडेही २०१६ पासून देशभर एकच प्रवेश परीक्षा झाली. तामिळनाडूतील ए. के. राजन समितीने २०२१ साली दाखवून दिले की, या परीक्षेनंतर ग्रामीण, तमिळ माध्यमाच्या आणि सरकारी शाळांतल्या मुलांचे प्रमाण घटले. तेथे २०२० सालीच सरकारी शाळांतील मुलांसाठी साडेसात टक्के जागा राखल्या गेल्या होत्या. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलीसाठी अशी मागणी आपण का करू नये?

शेवटी पुन्हा त्या मांगिणीकडे येऊ. १९७० च्या दशकात सरकारने तिला दाईचे थोडके प्रशिक्षण दिले, हातात एक पेटी दिली. पुढे बाळंतपणे दवाखान्यातच व्हावीत असे धोरण आले. मातांचे जीव वाचावेत म्हणून ते आवश्यकच होते. पण सुईणीचे काम गेले आणि तिच्या अनुभवाची नोंद कोणत्याही पाठ्यपुस्तकात झाली नाही. आपल्या बापजाद्यांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले तो विद्रोह होता. कारण ते काम लादलेले होते. आपण जुने काम परत मागत नाही. त्या कामातले ज्ञान, प्रतिष्ठा आणि निर्णयाचा अधिकार मागतो आहोत. सुईणीच्या नातीला आज त्याच खोलीत परत जायचे असेल, तर झाडू घेऊन किंवा शवागारातला सुरा घेऊन नव्हे, पदवी घेऊनच जाता येईल.

म्हणून मुळशीसारख्या तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी काही कामे हाती घ्यावीत. आठवीपासून विज्ञानाकडे जाणाऱ्या आपल्या मुलींची यादी करावी. एम.बी.बी.एस.च नव्हे, तर १९९८ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परिचर्या, भौतिकोपचार, आयुर्वेद अशा साऱ्या पदव्यांची माहिती त्यांना द्यावी. शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेवर भरून घ्यावा. आणि आपल्या तालुक्यातील प्रत्येक महाविद्यालयात अनुसूचित जाती-जमातींच्या किती मुली शिकतात, ते दरसाल विचारावे. १९२१ साली मुळशीच्या महारवाड्याचा हिशेब कोणी मांडला नाही. या वेळी तो आपणच मांडायचा आहे.