बाहेरून तीच निळी पेटी, आतून दरवेळी नवी! ‘डॉक्टर हू’मधल्या टार्डिसचा सेट का बदलत राहतो?

मालिकेतल्या घराचा सेट एका रात्रीत बदलला, की प्रेक्षकांच्या लगेच लक्षात येतं. पण एका ब्रिटिश मालिकेने हीच गोष्ट आपली ओळख बनवली आहे. ती मालिका म्हणजे बीबीसीची ‘डॉक्टर हू’.

टार्डिस म्हणजे काय?

२३ नोव्हेंबर १९६३ रोजी ‘डॉक्टर हू’चा पहिला भाग प्रसारित झाला. यातला डॉक्टर काळातून आणि अंतराळातून प्रवास करतो. त्याचं यान म्हणजे टार्डिस. बाहेरून ती निळी पोलीस पेटी दिसते. त्या काळी ब्रिटनच्या रस्त्यांवर पोलिसांना फोन करण्यासाठी अशा पेट्या असायच्या. आत मात्र अवाढव्य यान! खरं तर हे यान जिथे जाईल तिथलं रूप घेणार, अशी कल्पना होती. पण प्रत्येक कथेसाठी नवं यान बनवणं परवडणारं नव्हतं. म्हणून कथेत यंत्रणाच बिघडली आणि पेटी कायमची पेटीच राहिली.

पहिला सेट कसा होता?

पीटर ब्राचाकी यांनी तो डिझाइन केला. मधोमध सहा बाजूंचं नियंत्रण टेबल आणि भिंतींवर मोठी वर्तुळं. पडद्यावर पांढरं दिसणारं ते टेबल प्रत्यक्षात फिकट हिरवं होतं. कारण कृष्णधवल कॅमेऱ्यात शुभ्र पांढरा रंग फार चकाकायचा. काही भिंती तर चक्क मोठे केलेले फोटो होते!

मग बदल का होत गेले?

कारणं प्रत्येक वेळी वेगळी होती.

• १९७६ : बॅरी न्यूबेरी यांनी लाकडी नियंत्रण कक्ष बनवला. तो अनेकांना आवडला, पण एकाच सीझनपुरता टिकला. गोदामात ठेवलेल्या भिंती वाकल्या आणि पुन्हा पांढरा सेट आला.

• १९९६ : मालिका १९८९ मध्येच बंद पडली होती. कॅनडात चित्रित झालेल्या टीव्ही चित्रपटात टार्डिस जुन्या वाड्यातल्या भव्य दालनासारखी दिसली.

• २००५ : मालिका परतली. एडवर्ड थॉमस यांनी प्रवाळासारखे खांब उभे केले. यान बांधलेलं नव्हे, तर उगवलेलं वाटावं असा तो सेट होता.

• २०१० : नवा डॉक्टर, नवा सेट. काचेची जमीन आणि टेबलावर टाइपरायटर, नळ अशा अजब वस्तू.

• २०१२ : मायकल पिकवोड यांनी धातूचा, यंत्रासारखा कक्ष आणला.

• २०१८ : आर्वेल विन जोन्स यांच्या सेटवर स्फटिकाचे चमकते खांब आले.

कथेत हे कसं बसवलं?

डॉक्टर मरणाच्या दारात पोहोचला की त्याचं शरीर बदलतं आणि नवा कलाकार ती भूमिका करतो. काही वेळा याच बदलाच्या स्फोटात यानाची नासधूस होते. मग यान स्वतःला नव्याने घडवतं. म्हणजे निर्मात्यांची गरज कथेचा भाग होऊन जाते. सहा बाजूंच्या टेबलाचंही तसंच. ते १९६३ पासून आहे, पण हे यान सहा जणांनी मिळून चालवायचं असतं, हे डॉक्टर २००८ च्या एका भागात सांगतो!

२०२३ चा सेट वेगळा का?

साठाव्या वर्षी फिल सिम्स यांनी पुन्हा पांढरा रंग आणि वर्तुळं आणली. पण सगळ्यात मोठा बदल जमिनीवर आहे. या भव्य सेटवर वर-खाली जाण्यासाठी उतार आहेत. २०१० आणि २०१२ च्या सेटवर पायऱ्याच पायऱ्या होत्या. व्हीलचेअर वापरणाऱ्या पात्राने तिथे फिरायचं कसं? कुठेही जाऊ शकणाऱ्या यानात प्रत्येकाला शिरता यावं, ही साधी गोष्ट घडायला साठ वर्षं लागली.

म्हणून पुढच्या वेळी टार्डिसचं दार उघडलं, की भिंतींच्या रंगासोबत जमिनीकडेही बघा. सेट कोणासाठी बांधलाय, हे तिथेच कळतं.