निविदेला वळसा आणि शिक्षेची वाट

1781 साली कलकत्त्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या अफूच्या पुरवठ्याचा ठेका स्टीफन सलिव्हन या तरुणाला मिळाला. मुदत 4 वर्षे. जाहिरात निघाली नाही, बंद पाकिटांत दर मागवले गेले नाहीत. स्टीफनचे वडील लॉरेन्स सलिव्हन तेव्हा लंडनमध्ये कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष होते, आणि ठेका देणारे होते गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज. अफूच्या धंद्याशी सलिव्हनचा काडीचा संबंध नव्हता. त्याने ठेक्याचा हक्क 40,000 पौंडांना विकला आणि घेणाऱ्याने तो पुढे 60,000 पौंडांना दिला. अफू हाताळणाऱ्या माणसापर्यंत ठेका पोचेपर्यंत वाटेतच एवढी रक्कम दोघांच्या खिशात गेली होती. दर मागवले असते तर तिचा मोठा भाग कंपनीच्या तिजोरीत राहिला असता.

हा व्यवहार नियम नसताना घडलेला नाही. ठेके जाहिरात देऊन, एका वर्षापुरते आणि कमीत कमी दर भरणाऱ्याला द्यावेत, असे संचालकांचे लेखी हुकूम होते. तरीही 1779 मध्ये सैन्याच्या बैलांचा ठेका जाहिरातीशिवाय थेट 5 वर्षांसाठी दिला गेला. त्या वर्षी मराठ्यांशी युद्ध जुंपलेले होते. वडगावला इंग्रजांनी नुकतीच माघार घेतली होती. लढाईच्या धामधुमीत नियम बाजूला सरतात आणि लढाई संपली तरी ठेका चालूच राहतो, हे पुढेही वारंवार दिसते.

ब्रिटिश संसदेत एडमंड बर्क यांनी हेस्टिंग्जवर महाभियोग आणला, त्यात ठेक्यांचा आरोप स्वतंत्रपणे मांडलेला होता. हिंदुस्थानात स्पर्धा डावलून ठेका दिला म्हणून बड्या अधिकाऱ्याला जाब विचारण्याच्या परंपरेचे मूळ मला तिथे दिसते. खटला फेब्रुवारी 1788 मध्ये उभा राहिला आणि एप्रिल 1795 मध्ये संपला. हेस्टिंग्ज सर्व आरोपांतून सुटले. ठेके कसे दिले गेले, हे कागदावर होते. प्रश्न अडला तो हेतूवर. हुकूम मोडला म्हणजे गुन्हा झाला का, की त्यातून स्वतःचा फायदा साधला हेही सिद्ध करावे लागेल? सव्वादोनशे वर्षांनंतरही आपण याच प्रश्नापाशी अडखळतो.

एकोणिसाव्या शतकात सरकारी नोकरांच्या चौकशीचा 1850 चा कायदा आला, लेखापरीक्षणाची यंत्रणा उभी राहिली, वित्तीय नियमांची पुस्तके जाड होत गेली. खरी उलथापालथ झाली दुसऱ्या महायुद्धात. सरकार इतक्या घाईने आणि इतक्या प्रमाणात खरेदी करू लागले की लाचखोरीला ऊत आला. 1941 मध्ये युद्ध आणि पुरवठा खात्याच्या व्यवहारांतील लाचलुचपत शोधण्यासाठी विशेष पोलीस आस्थापना स्थापन झाली. आजची सीबीआय तिचीच वंशज. या तपास यंत्रणेचा जन्म सरकारी खरेदीच्या चौकशीतून झाला, हे विसरून चालणार नाही. पण ती पोलिसांची यंत्रणा होती आणि पोलिसांना लाच शोधायची असते. लाच सापडली नाही की फाईल मिटते.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या गाजलेल्या खरेदी प्रकरणात हेच झाले. 1948 मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी जीपगाड्या हव्या होत्या. लंडनमधील उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी खरेदीचा नेहमीचा मार्ग सोडून एका परदेशी कंपनीशी सुमारे 80 लाख रुपयांचा करार केला. हातात आल्या 155 जीपगाड्या. संसदेच्या लोकलेखा समितीने आणि चौकशी समितीने आक्षेप घेतले. 1955 मध्ये सरकारने प्रकरण बंद झाल्याचे जाहीर केले आणि पुढच्याच वर्षी मेनन केंद्रीय मंत्रिमंडळात आले. मेनन यांनी पैसे खाल्ले असे कोणी सिद्ध केले नाही, आणि तो माझाही मुद्दा नाही. खरेदीची पद्धत मोडली याची स्वतंत्र किंमत कोणालाच मोजावी लागली नाही, हे मला जास्त गंभीर वाटते. नव्या प्रशासनाने पहिल्याच दशकात हा धडा घेतला.

भ्रष्टाचाराला आळा घालण्यासाठी 1962 मध्ये नेमलेल्या संथानम समितीनंतर 1964 मध्ये केंद्रीय दक्षता आयोग आला आणि विभागीय चौकशीकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध करावा लागतो. विभागीय चौकशीत कर्तव्यात कसूर झाली हे शक्यतेच्या पारड्यात दाखवले तरी पुरते. लाच घेतल्याचा पुरावा तिथे लागत नाही. म्हणजे हेस्टिंग्जच्या खटल्यात जी गाठ सुटली नाही, ती सोडवणारे हत्यार तेव्हापासून सरकारच्या हाताशी आहे.

न्यायालयांनी वेगळी वाट धरली. 1977 मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावरील उपाहारगृहासाठी निविदा निघाली. अट होती दुसऱ्या वर्गाच्या नोंदणीकृत हॉटेलचालकाची आणि 5 वर्षांच्या अनुभवाची. काम मिळाले ती अट पूर्ण न करणाऱ्याला. 1979 मध्ये न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी निकाल दिला: सरकारी संस्थेने घातलेली अट तिच्यावरच बंधनकारक आहे, मर्जीने कंत्राट देणे समानतेच्या हक्काविरुद्ध आहे. तत्त्व भक्कम होते. पण ते कंत्राट रद्द झाले नाही. 2006 मध्ये मेरठ महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जाहीर निविदा किंवा लिलाव हाच मूळ नियम असल्याचे पुन्हा सांगितले आणि 2007 मध्ये दक्षता आयोगाने परिपत्रक काढून तो निकाल सगळ्या खात्यांना कळवला. निकाल कंत्राटावर चालतात. त्या कागदावर सही करणाऱ्याचे काय करायचे, हे खात्यालाच ठरवावे लागते.

खात्यात काय घडते ते पाहायला खरेदीची एक फाईल उघडावी. महाराष्ट्रात उद्योग विभागाच्या 1 डिसेंबर 2016 च्या नियमपुस्तिकेने 3 लाखांवरच्या खरेदीला ई-निविदा बंधनकारक केली. मग 9 लाखांच्या खुर्च्यांचे चार पुरवठा आदेश निघतात, प्रत्येक 3 लाखांच्या आतला. सोबत तीन दरपत्रके जोडलेली असतात. तिन्हींचा मजकूर शब्दशः सारखा, शुद्धलेखनाची चूकही तीच. टिपणीत ‘तातडीची बाब’ हे शब्द असतात, आणि माल आल्यावर वरिष्ठांची कार्योत्तर मंजुरी. मार्चअखेर निधी व्यपगत होईल या भीतीने कारकून रात्री बसून हे कागद जुळवतो. केंद्राच्या 2017 च्या वित्तीय नियमांत नियम 157 याच तुकडे पाडण्याला मनाई करतो. तो वाचलेला नाही असा खरेदी अधिकारी शोधून सापडणार नाही.

दरकरार, म्हणजे पुरवठादाराशी आधीच ठरलेल्या दराने खरेदी, हा दुसरा आडमार्ग. 13 फेब्रुवारी 2015 या एका दिवशी महाराष्ट्राच्या महिला व बालविकास विभागाने 24 शासन निर्णय काढून 206 कोटींची खरेदी मंजूर केली, चिक्की त्यातलीच. विभागाचे म्हणणे होते की खरेदी दरकरारावरच झाली. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला पुढे त्यात गुन्हा आढळला नाही. लाच होती की नाही, एवढेच तपासले की उत्तरही तेवढेच येते. अंगणवाडीतल्या मुलांच्या खाऊसाठी खुले दर का मागवले नाहीत, हा प्रश्न फौजदारी तपासात बसतच नाही.

त्या तपासाचे दारही आता अरुंद झाले आहे. 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लोकहित नसताना कोणाला आर्थिक लाभ मिळवून देणे हाही गुन्हा होता. प्रामाणिक अधिकारी निर्णय घ्यायला घाबरतात, या तक्रारीवरून 2018 मध्ये ते कलम वगळले गेले आणि तपासाआधी पूर्वपरवानगीची अट आली. भीती खरी होती, हे मी मान्य करतो. पण फौजदारी कायद्याने हात काढून घेतल्यावर विभागीय चौकशीचे ओझे दुप्पट झाले आणि ते पेलायची तयारी कोणी केली नाही. त्यातच 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे कलम 50 आपत्तीत निविदेची अट माफ करते. पूर आला असताना दर मागवत बसावे असे कोणी म्हणणार नाही. मात्र मार्च 2023 मध्ये विधिमंडळात आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात मुंबई महापालिकेच्या दोन विभागांनी निविदेशिवाय दिलेली 20 कामे नोंदली आहेत, एकूण 214 कोटी 48 लाखांची. कोविडचा खर्च त्या तपासणीतून वेगळाच ठेवला होता.

शिक्षा द्यायचीच ठरली तर महाराष्ट्रात 1979 चे शिस्त व अपील नियम आहेत. दोषारोपपत्रासोबत चार जोडपत्रे जातात: आरोपांच्या बाबी, त्यांचे विवरण, कागदपत्रांची यादी, साक्षीदारांची यादी. शिक्षा ठपक्यापासून बडतर्फीपर्यंत. अडचण वेळेची आहे. मार्चमधल्या खरेदीवर पुढच्या वर्षी लेखापरीक्षकाचा आक्षेप येतो, त्याला उत्तर जायला महिने लागतात, परिच्छेद अहवालात येतो, मग लोकलेखा समिती. 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांतला नियम 27 सांगतो की अधिकारी निवृत्त झाल्यावर 4 वर्षांपूर्वीच्या घटनेसाठी नवी चौकशी सुरू करता येत नाही. मंजुरी देणारा वरिष्ठ तोवर घरी गेलेला असतो. सेवेत उरतो टिपणी मांडणारा कनिष्ठ, आणि ठपका त्याच्या सेवापुस्तकात चिकटतो.

सेवेत असताना बजावलेली चौकशी मात्र निवृत्तीनंतरही चालू राहते, अशी तरतूद त्याच नियमात आहे. लेखा आक्षेपाचे पत्र कार्यालयात आले की त्याच दिवशी मंजुरी देणाऱ्याची निवृत्तीची तारीख पाहावी आणि ती उलटण्याआधी दोषारोपपत्र त्याच्या हातात द्यावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. विभागाच्या सचिवाची सही लागते.