क्रिपा : संस्थाबद्ध व्यक्तींचा नागरी हक्क कायदा

अमेरिकेचा १९८० सालचा संघीय कायदा. राज्य वा स्थानिक सरकारचे तुरुंग, बालसुधारगृहे, मनोरुग्णालये, बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या निवासी संस्था आणि शुश्रूषागृहे यांत राहणाऱ्यांच्या हक्कांची सर्रास पायमल्ली होत असेल, तर चौकशी करून दावा लावण्याचा अधिकार तो संघीय ॲटर्नी जनरलला देतो. निव्वळ खासगी संस्था आणि एकट्यादुकट्याची गाऱ्हाणी त्याच्या कक्षेबाहेर आहेत. कोंडलेल्या माणसाला हक्क असून भागत नाही, राज्याला झटकून टाकता येणार नाही असा वादी लागतो, आणि नेमका तोच १९८० पूर्वी नव्हता. अलाबामात सिगारेटवरच्या कराचे उत्पन्न घटले म्हणून ब्राइस मनोरुग्णालयातले कर्मचारी कमी केले गेले आणि त्यातून १९७० मध्ये खटला उभा राहिला. आठ रुग्णांमागे एक शौचकूप हवा, एका खोलीत सहापेक्षा जास्त रुग्ण नकोत, असे न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांना १९७२ मध्ये आदेशात लिहावे लागले. तेथे केंद्र सरकार न्यायालयाच्या सांगण्यावरून साहाय्यक म्हणून आले होते. मेरीलँडच्या रोझवुड रुग्णालयाबाबत मात्र त्याने स्वतःहून दावा लावला, तेव्हा कायद्याने तसा अधिकार दिलेला नाही म्हणून तो फेटाळला गेला आणि १९७७ मध्ये अपिलातही तेच ठरले.

राज्यांच्या कारभारात केंद्राची ही ढवळाढवळ आहे, हा पहिला आक्षेप. वास्तविक कायदा राज्यांना भरपूर सांभाळून घेतो: चौकशीची सात दिवस आधी सूचना, लेखी निष्कर्षांनंतर किमान एकोणपन्नास दिवसांची मुदत, वादपत्रावर खुद्द ॲटर्नी जनरलची सही. अलाबामातील पुरुषांच्या तुरुंगांची चौकशी २०१६ मध्ये सुरू झाली, हिंसाचाराचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले आणि दावा २०२० च्या डिसेंबरात लागला. याला घाई कोण म्हणेल? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पीडितांनी स्वतःच न्यायालयात जावे. पण पेनहर्स्ट या निवासी संस्थेविरुद्धच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ठरवले की, राज्याचाच कायदा पाळा असा आदेश संघीय न्यायालय राज्याच्या अधिकाऱ्यांना देऊ शकत नाही; आधार होता राज्यांना खासगी दाव्यांपासून संरक्षण देणारी अकरावी घटनादुरुस्ती. कैद्यांवर तर १९९६ च्या कायद्याने तुरुंगातली तक्रारप्रक्रिया आधी पूर्ण करण्याची सक्ती केली आणि त्यांच्या वकिलांच्या फीवरही मर्यादा घातली. केंद्र वादी असेल, तर अकरावी दुरुस्ती आडवी येत नाही आणि तक्रारप्रक्रियेची ती अटही लागू होत नाही.

खरी उणीव वेगळी आहे. दावा लावायचा की नाही, हे वॉशिंग्टनमधल्या सरकारच्या मर्जीवर अवलंबून. रेगन यांच्या काळात अंमलबजावणी ढिली असल्याची टीका झालीच होती. शिवाय बरीच प्रकरणे तडजोडीने मिटतात, त्यामुळे पुढे दाखला म्हणून वापरता येईल असा निकाल क्वचितच हाती लागतो. अपंग व्यक्तींना विनाकारण संस्थेत ठेवणे हाच भेदभाव, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या ओल्मस्टेड निकालात म्हटल्यावर त्यांच्यासाठी १९९० च्या अपंग हक्क कायद्याचा रस्ता खुला झाला. शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला संस्थेबाहेर राहण्याची मागणी त्या रस्त्याने करता येत नाही. त्याच्या कोठडीच्या स्थितीसाठी केंद्राला आजही मुख्यतः क्रिपाकडेच यावे लागते.